प्रबंध शेवटून उघडा

प्रबंध हातात आला की शेवटून उघडावा. आधी संदर्भसूची, मग बाकीचं. विद्यार्थ्यानं काय वाचलं, काय नुसतं चाळलं आणि कशाला हातही लावला नाही, हे त्या शेवटच्या चार पानांत उघडं पडतं. प्रस्तावनेत ‘सखोल अभ्यास केला आहे’ असं कुणालाही लिहिता येतं. सूचीत मात्र सोंग फार वेळ टिकत नाही.

आता या सूच्या कशा असतात ते पाहा. ‘गूगल डॉट कॉम.’ ‘विकिपीडिया.’ ‘विविध वर्तमानपत्रे व मासिके.’ ‘यूट्यूब.’ मध्येच एखादी नोंद: ‘पाटील, मराठी कादंबरी, पुणे.’ कोण पाटील? प्रकाशक कोण, साल कुठलं, आवृत्ती कितवी, पान कितवं? कशाचाच पत्ता नाही. अशा नोंदीच्या जोरावर केलेलं विधान तपासायचं कसं? आणि जे तपासता येत नाही, त्याला संशोधन का म्हणायचं? ते फार तर मत झालं. मत मांडायला कुणाची ना नाही, पण त्यासाठी दोन वर्षं, गाईड आणि काळं बाइंडिंग लागत नाही.

एवढं म्हटलं की लगेच पोरांना झोडपायला सुरुवात होते. मला ते करायचं नाही. ज्यांनी वर्गात कुणाला कधी संदर्भ देताना पाहिलं नाही, ज्यांच्यापुढे एकही नीट नमुना ठेवला गेला नाही, त्यांनी हे शिकायचं कुठून? बारावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पापासून आपण त्यांना एकच धडा दिला आहे. कुठून तरी उतरवा, कव्हर छान लावा, तारखेच्या आत द्या. ती पोरं एम.ए.ला येतात आणि शिकवलेलंच करतात.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीलाच प्रकल्प आले, एम.ए.ला ‘संशोधन पद्धती’ हा विषय आला. फार चांगलं झालं. पण त्या विषयाच्या पेपरात आपण ‘संदर्भसूचीचे महत्त्व स्पष्ट करा’ असा प्रश्न घालणार असू, तर काही बदलणार नाही. महत्त्व पाठ होतं, गुण मिळतात आणि त्याच महिन्यात ‘गूगल डॉट कॉम’ लिहिलेला प्रकल्प टेबलावर येतो. त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे एक पुस्तक, एक मासिकातला लेख आणि एक वर्तमानपत्राचं कात्रण ठेवा आणि तिन्हींची नोंद करायला सांगा. पंधरा मिनिटांत कळेल कुणाला येतं आणि कुणाला शिकवायचं राहिलं आहे.

समास कडक, संदर्भ ढिला

सबमिशनच्या खिडकीवर काय तपासलं जातं? डावा समास, ओळींमधलं अंतर, फॉन्टचा आकार, प्रमाणपत्रावरची सही, बाइंडिंगचा रंग. संदर्भसूची आहे की नाही एवढं पाहतात. ती खरी आहे का, हे पाहायला कुणाला सवड नसते.

मांडणीच्या नियमांना मी कमी लेखत नाही. डावा समास मोठा ठेवतात, कारण बाइंडिंगमध्ये कागद आत जातो आणि ओळीची सुरुवातीची अक्षरं शिवणीत अडकतात. ओळींत अंतर ठेवतात, कारण परीक्षकाच्या पेनाला जागा हवी. पानांना क्रमांक घालतात, कारण चर्चा करताना दोघांनाही एकच पान उघडता आलं पाहिजे. यातला एकही नियम वायफळ नाही. प्रत्येकामागे वाचणारा माणूस आहे. विद्यार्थ्याला हे कारण सांगितलं तर तो नियम मनापासून पाळतो. कारण न सांगता ‘नियमात बसत नाही, परत न्या’ एवढंच म्हटलं, तर तो सगळं काम डीटीपीवाल्याच्या गळ्यात टाकतो आणि मोकळा होतो.

मांडणीचा खरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मी विचारतो. युनिकोड हाताशी असताना अजून जुन्या फॉन्टात मराठी प्रबंध का टाइप होतात? अशी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की पानभर चिन्हांचा कचरा दिसतो. तिच्यात शब्द शोधता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००९च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन साठ्यावर चढवायचे असतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र तो साठा सांभाळतं आणि आज तिथे लाखो प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. पण मराठी प्रबंध जुन्या फॉन्टात असेल किंवा नुसती पानं स्कॅन करून टाकली असतील, तर आतला शब्द टाकून तो सापडत नाही. चार-पाच वर्षांची मेहनत जगापुढे ठेवली आणि तरी ती कुणाच्या हाती लागू नये, याची हळहळ कुणालाच वाटत नाही का? युनिकोड सक्तीचं करा. समास दोन सूत इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळणार नाही.

टक्क्यांचा बाजार

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देताना सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘किती टक्के आले?’ काय सापडलं, कोणता जुना समज खोडला, कोणतं नवं कागदपत्र हाती लागलं, हे नंतर. आधी टक्के.

हे टक्के म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी सॉफ्टवेअरनं मोजलेलं साम्य. ते यूजीसीच्या २०१८च्या नियमांतून आले. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम गरजेचा होता, कारण त्याआधी आख्खी प्रकरणं उचलली जात होती आणि विचारणारं कुणी नव्हतं. पण या नियमांचा अर्धाच भाग आपण वाचला. अवतरणचिन्हांत घेतलेला आणि मूळ लेखकाचा नीट उल्लेख असलेला मजकूर साम्यात धरायचा नाही, असं त्यातच लिहिलं आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश धरायचे नाहीत. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून द्यायचे आहेत. म्हणजे जो विद्यार्थी नाव घेऊन, खूण करून, पान सांगून दुसऱ्याचा मजकूर वापरतो, त्याला नियमांनी अभय दिलेलं आहे.

प्रत्यक्षात भलतंच चालतं. आकडा वाढेल या धास्तीनं विद्यार्थी अवतरणच काढून टाकतो. मूळ लेखकाचं वाक्य घेतो, ‘महत्त्वाचा’च्या जागी ‘मोलाचा’ घालतो, वाक्य उलटंसुलटं करतो आणि स्वतःच्या नावावर खपवतो. इंग्रजी लेख यंत्रानं मराठीत आणला की सॉफ्टवेअरला तो सहसा ओळखू येत नाही. टक्के खाली येतात आणि चोरी पक्की होते. ‘टक्के कमी करून मिळतील’ असं सांगणारे धंदेवाईक उभे राहिले आहेत, आणि पोरं त्यांना पैसे मोजतात.

सॉफ्टवेअर साम्य मोजतं. चोरी ओळखणं माणसाचं काम आहे. तीस टक्के साम्य असूनही प्रबंध स्वच्छ असू शकतो आणि दोन टक्के साम्य असूनही त्याचा कणा चोरलेला असू शकतो. गाईडनं सॉफ्टवेअरच्या अहवालातलं प्रत्येक रंगवलेलं वाक्य उघडून पाहिलं पाहिजे. नुसत्या आकड्यावर सही करणारा गाईड आपलं काम सॉफ्टवेअरवर ढकलतो आहे.

पत्ता खोटा निघाला तर

संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता. ‘मी जे म्हणतो ते इथे आहे, जा आणि पाहा.’ त्या पत्त्यावर घरच नसेल तर काय होतं, याची तीन उदाहरणं देतो. तिन्ही बाहेरच्या देशांतली आहेत, पण आपल्याला जशीच्या तशी लागू पडतात.

पहिलं उदाहरण. एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशन संस्थेनं लेखकांसाठी केलेल्या मार्गदर्शक पानांत, नोंद कशी लिहायची हे दाखवायला एक बनावट नोंद दिली होती. लेखक व्हॅन डर गीर आणि इतर, साल २०००, विषय ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’, नियतकालिक, खंड, पानं, सगळं अगदी रीतसर. फक्त तसा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तो नमुना होता. तरी सुमारे चारशे शोधनिबंधांच्या सूचीत हा नसलेला लेख जाऊन बसला. नेदरलँड्समधल्या लायडनचे एक प्राध्यापक त्या लेखाच्या शोधात निघाले आणि मग हा प्रकार बाहेर आला. काहींनी नमुन्याची फाईल घेतली, आपला मजकूर भरला आणि नमुन्यातली नोंद काढायचं विसरले. हे समजू शकतं. पण लेखकानं सूची पुन्हा वाचली नाही, तपासणाऱ्यानं वाचली नाही, संपादकानं वाचली नाही. चारशे वेळा.

दुसरं उदाहरण भौतिकशास्त्रातलं. १९७३ साली कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा एक गाजलेला निबंध आला. पुढे २०१६च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. या निबंधाचा उल्लेख सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता, तेव्हा सिमकिन आणि रॉयचौधुरी या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी त्या नोंदींमधल्या चुका मोजल्या. १९६ नोंदी चुकलेल्या होत्या. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. अठ्ठ्याहत्तर माणसं स्वतंत्रपणे तीच चूक करतील का? एकानं चूक केली, बाकीच्यांनी दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलली. त्यावरून २००३ साली त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्के लोकांनीच मूळ निबंध वाचलेला असतो. जागतिक दर्जाच्या भौतिकशास्त्राची ही कथा असेल, तर आपल्या एम.ए.च्या प्रकल्पांची कल्पना करा.

तिसरं उदाहरण माणसांच्या जिवाशी गेलेलं आहे. जानेवारी १९८०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. अफूवर्गातली वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये व्यसनाची फक्त चार नीट नोंदलेली प्रकरणं आढळली, असं त्यात होतं. हे सगळे रुग्ण इस्पितळात दाखल होते, देखरेखीखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. पण पुढच्या साडेतीन दशकांत या पत्राचा ६०८ वेळा हवाला दिला गेला. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी ते सगळे हवाले तपासले. ४३९ ठिकाणी हे पत्र ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. रुग्ण इस्पितळातले होते, हे पाचांपैकी चार जणांनी सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत ही औषधं सैल हातानं लिहून दिली गेली आणि तिथल्या व्यसनाच्या साथीनं लाखोंचे बळी घेतले. त्या साथीची कारणं अनेक आहेत. पण डॉक्टरांच्या मनातली भीती घालवण्याच्या कामी हे पाच वाक्यांचं पत्र आलं, असं त्या संशोधकांनी नोंदवलं. पत्र पाच वाक्यांचं होतं. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

म्हणून ‘संदर्भ ही तांत्रिक बाब आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या ‘तांत्रिक बाबी’वरच औषधं दिली जातात, कायदे होतात, इतिहासाची पुस्तकं लिहिली जातात.

आता यात यंत्राची भर पडली आहे. चॅटजीपीटीला संदर्भ मागितले की तो देतो. लेखकाचं नाव, साल, नियतकालिक, पान, सगळं खरं वाटावं असं. त्यातले काही असतात, काही नसतातच. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असेच सहा निकाल सादर केले. सहाही अस्तित्वात नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. वकिलांना दंड झाला, हे बरंच झालं. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र कुणी सांगतही नाही की यंत्रानं दिलेली नोंद हातात पुस्तक किंवा लेख घेऊन तपासल्याशिवाय सूचीत घालायची नाही. वापरायचंच नाही असं मी म्हणत नाही. शोधायला वापरा. पण हवाला त्याचाच द्या, जे तुमच्या डोळ्यांनी वाचलं.

हे आपल्याला परकं नाही

‘संदर्भ-बिंदर्भ ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत’ असंही ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यानं पुण्यात भांडारकर संस्थेत जावं आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कुठलाही एक खंड मागून घ्यावा. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं. १,२५९ हस्तलिखितं जमवली गेली. पान उघडलं की वर श्लोक आणि खाली कुठल्या हस्तलिखितात कुठला पाठ आहे याची बारीक टाइपातली नोंद. ती खालची नोंद काही पानांवर वरच्या श्लोकांहून जास्त जागा घेते. या आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेली एक रीत तर प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवावी. जिथे पाठाची पूर्ण खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती नाही, हे त्यांनी छापून वाचकापुढे ठेवलं. एवढी विद्वत्ता आणि एवढा प्रामाणिकपणा एका पानावर.

पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास घ्या. १९३० ते १९६२ या काळात तो खंडाखंडानं बाहेर आला. त्यांनी विधान इंग्रजीत केलं आणि ज्या संस्कृत वचनावर ते उभं आहे, ते वचन जागोजागी तळटिपेत मुळातून दिलं. मान्य नसेल तर वाचकानं तिथल्या तिथे भांडावं, अशी सोय केली. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांतले रुमाल सोडून कागद वाचले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत गेले. इतिहास लिहिण्याआधी साधनं लोकांपुढे ठेवायची, हा त्यांचा आग्रह होता. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती नसती तर अर्ध्या पुस्तकांची नावंही आज आपल्याला कळली नसती.

हे आपले पूर्वसूरी. त्यांच्या नावानं पुरस्कार द्यायचे, व्याख्यानमाला भरवायच्या आणि त्यांच्याच राज्यात ‘विविध वर्तमानपत्रे’ अशी नोंद मंजूर करायची, हे बंद झालं पाहिजे.

एक नोंद, नीट

नमुना मागणाऱ्यांसाठी एकच नोंद उलगडून दाखवतो. प्रकल्पात असं लिहिलेलं असतं: ‘फुले (२०१३), समग्र वाङ्मय, मुंबई.’ जोतीराव फुले १८९० साली गेले. २०१३ हे त्या प्रतीच्या छपाईचं साल आहे. वाचकाला कळलं पाहिजे की विधान कुठल्या ग्रंथातलं आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ असेल तर तो १८८३ साली लिहून झाला, हे सालही आलं पाहिजे, कारण १८८३च्या शेतकऱ्याविषयीचं म्हणणं आणि २०१३चं साल यांची सांगड घातली की अर्थाचा अनर्थ होतो. मग संपादक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ साली समग्र वाङ्मय काढलं, ते धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं. पुढे य. दि. फडके यांनी संपादलेली सुधारित आवृत्ती आली. नवी आवृत्ती आली की पानं सरकतात. म्हणून नोंदीत लेखकाचं पूर्ण नाव, मूळ ग्रंथ, तो लिहिल्याचं साल, संपादक, प्रकाशक, आवृत्ती व तिचं साल आणि पान. सात गोष्टी. लिहायला एक मिनिट लागतं, आणि पुढचे शंभर वाचक न चुकता त्या ओळीवर पोचतात.

मराठीच्या आणखी काही अडचणी आहेत, त्या इंग्रजी शैलीपुस्तकांत सापडत नाहीत. जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो, पण नोंदीत शकेही राहू द्यावा. टोपणनावानं लिहिणाऱ्याची नोंद टोपणनावाखालीच करावी, कंसात खरं नाव द्यावं, म्हणजे कुसुमाग्रज शोधणारा शिरवाडकरांपाशी अडणार नाही. ओव्या सांगणारी बाई, लोककलावंत, गावातला जुना जाणता माणूस यांच्याकडून माहिती घेतली असेल, तर परवानगी घेऊन त्यांचं नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख द्या. छापील पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि तोंडी ज्ञान देणाऱ्या बाईला ‘एक महिला’ म्हणून मोकळं व्हायचं, हा अन्याय आहे. मूळ ग्रंथ मिळाला नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतलं, तर तसं स्पष्ट लिहा. दुय्यम संदर्भ देण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मुळातून वाचल्याचा आव आणण्यात.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९२९ साली सात पानांचा लेख छापून आपली लेखनाची आणि संदर्भांची पद्धत ठरवली. तीच पुढे वाढत जाऊन आजची ए.पी.ए. झाली. शिकागो विद्यापीठाचं शैलीपुस्तक १९०६चं, भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या एम.एल.ए. या संघटनेचं पत्रक १९५१चं. त्या त्या लोकांनी आपापल्या वाचकाची गरज पाहून ते केलं आणि वेळोवेळी बदललं. ए.पी.ए.नं २०१९च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशकाचं गाव लिहिणं बंद केलं. आपल्याकडे ‘ए.पी.ए. वापरा’ म्हणायचं आणि गाव नाही म्हणून नोंद खोडायची, असं होता कामा नये. पद्धत कुठलीही घ्या, पण ती उघडून वाचा.

मराठीत मात्र विभाग बदलला की पद्धत बदलते, कधी कधी गाईड बदलला तरी बदलते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. राज्य मराठी विकास संस्था आहे, विश्वकोश मंडळ आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे. या सगळ्यांनी एकत्र बसून मराठी संदर्भलेखनाची वीस पानांची एकच पुस्तिका करावी, युनिकोडमध्ये, फुकट. अभिजात दर्जाच्या सोहळ्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानानं याला काहीच लागणार नाही, आणि प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ती आयुष्यभर पुरेल.

काय करायचं ते

विद्यार्थ्यांनो, वाचतानाच पान क्रमांक टिपा. शेवटच्या आठवड्यात सूची करायला बसलात की पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं आणि मग खोटं लिहायची वेळ येते. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, देवनागरी घेतं. आजच उतरवा. दुसऱ्याचं वाक्य वहीत उतरवलंत की त्याच क्षणी अवतरणचिन्ह घाला, नाहीतर दोन महिन्यांनी ते तुम्हालाच तुमचं वाटू लागेल. न वाचलेलं पुस्तक सूचीत घालू नका. बारा खऱ्या नोंदी साठ खोट्या नोंदींपेक्षा भारी असतात, आणि हे तोंडावर सांगणारा परीक्षक तुम्हाला भेटो.

ग्रंथालयांनो, संशोधन करणाऱ्या पोरांना कपाटापर्यंत जाऊ द्या. चिठ्ठी भरून एकेक पुस्तक मागवणाऱ्यानं पन्नास पुस्तकं चाळायची कधी?

आणि गाईड मंडळींनो, तुम्हाला एकच विनंती, आणि ती हात जोडून नाही, हक्कानं करतो. प्रबंधावर सही करण्याआधी विद्यार्थ्याच्या सूचीतल्या कुठल्याही तीन नोंदींवर बोट ठेवा आणि म्हणा, ही तीन घेऊन ये आणि ज्या पानाचा हवाला दिलास ते पान उघडून दाखव. यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी पीएच.डी.चे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. आठ विद्यार्थी धरले तरी चोवीस पुस्तकं झाली, तीही काही वर्षांत मिळून. एवढं जो करील, त्याच्या विद्यार्थ्याला टक्के कमी करून देणाऱ्याची पायरी चढावी लागणार नाही. आणि एवढ्यालाही ज्याच्याकडे वेळ नाही, त्यानं विद्यार्थी घेणं थांबवावं.